दादा आभाळात असताना

आमच्या घरात केरसुणी आढ्याला टांगलेली दिसली की समजायचं, घरचं कुणीतरी वाटेवर आहे.

पोलादपूरच्या वरच्या आमच्या डोंगरवाड्यांत ही रीत घरोघर आहे. माणूस उंबऱ्याबाहेर पडला की तो मुक्कामाला पोचेपर्यंत घर झाडायचं नाही. झाडलं तर केराबरोबर त्याची वाटही झाडली जाते, आणि मग तो ना इकडचा ना तिकडचा. मुंबईला जाणाऱ्याचा हिशेब आमच्याकडे शेंबड्या पोरालाही पाठ. आज गेला की परवा सकाळी झाडा. तार नको, पत्र नको. वाट पायाखालची आहे, कोण कुठे किती वेळ लोंबकळतो ते सगळ्यांना ठाऊक.

मी या रीतीची भरपूर टर उडवायचो. कुणी बांधावर निघालं तरी केरसुणी उचलून लपवायचो आणि काकीचा आवाज काढायचो, "हात लावू नका गो, सरकार अजून बांधावर पोचलं नाय." काकी स्वतः हसायची. आईबाप मुंबईला गिरणीत, त्यामुळे मी काकीच्याच घरी वाढलो. महाडच्या शाळेत मराठी सातवी झालो, वर इंग्रजीच्या दोन इयत्ता काढल्या, पण खरं शिकलो ते आवाज. तपकीर ओढणारे मास्तर, नाकात बोलणारा पोस्टातला कारकून, मामलेदाराचा पट्टेवाला. एकेकाला उचलून गावात आणला आणि ओट्यावर बसवून बोलता केला. गावाला मी त्यासाठीच लागायचो. कामासाठी कुणी बोलवत नसे.

दोन-तीन वर्षांपूर्वी, भाताची झोडणी चालू असताना, माझी ही टर माझ्याच गळ्यात आली.

काकीचा मुलगा, माझा थोरला चुलतभाऊ, मुंबईत एका गोऱ्या साहेबाकडे बटलर. आम्ही सगळे त्याला दादा म्हणतो. तो साहेब आजारी पडला. डॉक्टर म्हणाला, याला विलायतेला लवकर पोचवा, बोटीत तीन आठवडे काढायची ताकद याच्यात नाही. म्हणून विमान. आणि एकट्याला सोडायची डॉक्टरची तयारी नव्हती. साहेबाला दादाशिवाय दुसऱ्याच्या हातचं औषध चालेना. असा आमचा दादा, जो होळीत झाडावर चढताना डोळे मिटायचा, तो आभाळातून जायला निघाला. मुंबईहून कराचीला आगबोटीनं गेला आणि तिथून तार केली. तार मीच वाचली. विमान उद्या सकाळी, लंडनजवळ क्रॉयडनला उतरणार, पोचल्यावर तार करतो.

काकीनं केरसुणी आढ्याला टांगली. मग माझ्याकडे वळली.

"किती दिवस?"

"काय किती दिवस?"

"कराचीच्या बंदरापासून त्या दुसऱ्या बंदरापर्यंत. किती दिवस झाडायचं नाय?"

यात हसण्यासारखं काही नव्हतं, कारण वहिनीचे दिवस भरत आले होते. वहिनी म्हणजे दादाची बायको. मागच्या वर्षी तिला मुलगा झाला होता. पाचवी पुजली आणि दोन दिवसांनी त्याचं अंग ताठ झालं, जबडा मिटला, गेला. त्याच्या जन्माच्या वेळीही दादा मुंबईच्या वाटेवर होता आणि घर झाडलेलं नव्हतं. सुईण तेव्हा काही बोलली नाही, पण जाताना खोलीच्या भुईकडे बघत गेली होती, ते मी पाहिलं होतं. आता तर खळं दारात. भाताचा कोंडा, पेंढ्याची धूळ, कोंबड्यांची पिसं, सगळं वाऱ्यानं घरात. एका दिवसात पावलं उमटायला लागली.

मी दुसऱ्याच दिवशी महाडला गेलो. मास्तरांनी कपाटातून पृथ्वीचा गोल काढला, त्याच्यावरची धूळ पुसली आणि सदऱ्याच्या तुटलेल्या बटणाचा दोरा ओढून माझ्या हातात दिला. एक टोक कराचीवर, दुसरं लंडनवर. गोलावर छापलेल्या मैलांच्या मापाला लावला तर चार हजार मैलांच्या आसपास. विमान ताशी शंभर मैल पळतं असं मास्तरांनी वर्तमानपत्रात वाचलेलं. फळ्यावर भागाकार झाला. चाळीस तास.

"दोन दिवस धर," मास्तर म्हणाले. "वर थोडा वेळ चहापाण्याला."

मी परत येऊन ओट्यावर मास्तर उभे केले. तपकीर, शिंक, फळा, भागाकार, सगळं. काकीनं शेवटपर्यंत ऐकलं.

"दोन दिवस म्हंजे मुंबईएवढंच की," ती म्हणाली. "मग विलायत काय फार लांब नाय."

सगळे हसले. वहिनी दाराआडून हसली. सुईणीला निरोप गेला की परवा घर झाडून सारवून ठेवतो, काळजी करू नको.

दोन दिवस गेले. तिसऱ्या सकाळी मी केरसुणी काढायला आढ्याकडे हात नेला तर काकीनं मनगट धरलं.

"तार कुठंय?"

"काकी, हिशेबानं तो कालच उतरला."

"मुंबईची तार मी कधी मागितली? ती वाट आपली हाय. ही वाट बगितलेला एक माणूस दाखव मला. तार आल्याबिगर केरसुणी खाली येनार नाय."

मला तिच्याशी भांडताही येईना. हिशेब बरोबर असेल तर तार यायला हवी होती. तार आली नाही याचा अर्थ हिशेब चुकला, किंवा दुसरं काहीतरी. ते दुसरं काहीतरी मी तोंडातून काढलं नाही. गावानं काढलं. पाणवठ्यावर बायका बोलता बोलता गप्प व्हायला लागल्या. एक म्हातारा येऊन काकीला म्हणाला, पक्षीसुद्धा दमला की फांदीवर बसतो, तिथं फांदी कुठाय. काकीनं त्याला ताक दिलं.

त्या दुपारी वहिनी भिंतीला टेकून बसली होती. भुईवरच्या कोंड्यात तिनं बोटानं एक रेघ ओढली होती.

"भावजी," ती हळूच म्हणाली, "तुमचा दोरा ताणलेला होता का सैल होता?"

"ताणलेला."

"सैल धरला असता तर अजून दोनतीन दिस निघाले असते."

मी उठून काकीकडे गेलो.

शेजारच्या घरात तिला हलवावं असं मी काकीला सुचवून पाहिलं. पण ऐन झोडणीत बाळंतपणाचं सोयर कोण घरात घेणार? सोयर लागलं की दहा दिवस खळ्याला हात नाही. कुणी नाही म्हटलं नाही, आणि कुणी ये असंही म्हटलं नाही.

चौथ्या दिवशी दुपारनंतर मी पोलादपूरला उतरलो. महाडहून टपाल घेऊन मोटार यायची, तिच्यातून तार आली तर तिथेच हातात पडेल म्हणून. मोटार आली. टपालाची पिशवी उघडली. आमचं काही नव्हतं. मी तसाच मोटारीच्या मडगार्डाला टेकून उभा राहिलो. आत बसलेले लोक मात्र खाली उतरत होते, वळकट्या काढत होते, एक बाई मुलाला घेऊन धर्मशाळेकडे चालली होती. ही मोटार पुढे घाट चढून महाबळेश्वरला जाणारी.

"का हो, मोडली का?" मी मोटारवाल्याला विचारलं.

"मोडती कशाला? उशीर झाला. आता घाटात अंधार पडंल. सकाळी उजाडलं की जाऊ."

"आणि अंधारात गेलात तर?"

"तर तू उद्या माझी नक्कल करशील, पन मी बघायला नसन." तो हात पुसत म्हणाला. "इंजिनाला झोप लागत नाय बाबा. मला लागते."

हा मुक्काम मी तिथे आधीही बघितला होता, कारण मात्र कधी विचारलं नव्हतं. कितीतरी वेळा त्या उतारूंच्या जांभया काढून दाखवल्या होत्या. पण त्या दिवशी त्या बाईच्या काखेतली वळकटी बघताना एकदम वाटलं, अरे, आम्ही भागाकार केला तो विमानाचा केला. विमानवाल्याचा केलाच नाही. घाटात निदान खाली रस्ता तरी असतो. वर आभाळात अंधार पडल्यावर तो काय बघून हाकणार? आगबोट रात्रंदिवस चालते म्हणून आम्ही धरून बसलो की विमानही चालतं. ते रोज संध्याकाळी उतरत असणार. माणसं जेवणार, झोपणार, सकाळी परत चढणार. मग दोन दिवस कसले? आठवडा लागेल.

मी चढ धावत चढलो. घराशी आलो तेव्हा तुळशीपाशी दिवा लागला होता, आणि ओट्यावर सुईण बसलेली होती. पदर खोचलेला, हात मांडीवर. आतून वहिनीचा आवाज आला, दातांमध्ये पदर धरल्यावर येतो तसा.

"दुपारपासनं चालू हाय," सुईण म्हणाली. "आणि आत पाऊल टाकलं की धूळ उडती. मागच्या खेपेला मी गप बसले. ह्या खेपेला नाय बसनार. असल्या भुईवर मी नाळ कापनार नाय."

काकी दारात उभी होती. "माझा ल्योक वर टांगलेला हाय, मावशी."

"आन ही खाली टांगलेली हाय, ती दिसत नाय तुला?"

सुईणीला सगळं गाव मावशी म्हणायचं, पण दोघी होत्या वयानं सारख्याच, एकमेकींच्या सगळ्या बाळंतपणांना हजर असलेल्या.

मी म्हणालो, "काकी, तो आता वर नाही." आणि घाईघाईत, सवयीनं, माझा आवाज नाकात गेला. मास्तर बोलायला लागले. "असं पाहा, रात्रीच्या समयी विमान हे..."

"मास्तर नको," काकी म्हणाली. "तुझ्या तोंडानं सांग."

असं मला कुणी कधी सांगितलं नव्हतं. माझ्या तोंडानं बोलायला मला जरा वेळच लागला. मोटार सांगितली, धर्मशाळा सांगितली, वळकटी सांगितली. काकी ऐकत होती. तिचा चेहरा थोडा सैल झाला. तार न येण्याला एक कारण मिळालं होतं, आणि त्या कारणात दादा जिवंत होता.

"म्हंजे आता ह्या वक्ताला त्याचा पाय भुईवर हाय?"

"असणार. निदान थोड्या वेळात असेल. मग सकाळपर्यंत."

"मग झालं तर," सुईण उठली. "माणूस वस्तीला उतरला की झाडायला हरकत नाय. झाडा आता."

काकी हलली नाही. "दिवा लागलाय, मावशी."

सुईण परत खाली बसली. ते तिलाही पटलं. दिवेलागणीनंतर केरसुणी धरायची नाही, लक्ष्मी बाहेर जाते. ही रीत मोडायला सुईणसुद्धा धजेना. बाळ येणार आणि त्याच घटकेला घरची लक्ष्मी केरात? मी तिघींकडे बघितलं, तिसरी म्हणजे बंद दाराआडची वहिनी. रात्री दादा खाली आहे तर झाडता येत नाही. दिवसा झाडता येतं तर दादा वर आहे.

आढ्याला केरसुणीच्या शेजारी एक लाल भोपळा टांगलेला होता, बियाण्याचा. तो मी काढला. काकीला वाटलं पोराचं डोकं फिरलं.

"काकी, हे बोट इथं धर. हे आपण." मी भोपळ्यावर तिचं बोट टेकवलं. "मावशी, तू इथं धर. इथं दादा आहे." आणि कंदिलापुढे भोपळा फिरवायला लागलो, मास्तर गोल फिरवायचे तसा. उजेड काकीच्या बोटावर आला. मावशीचं बोट अंधारात.

"बघ. आपल्याकडे उजाडलं. दादाकडे अजून रात."

मी हळूहळू फिरवत नेला. मग मावशीच्या बोटावर उजेड आला. तिनं ते चटका बसल्यासारखं काढून घेतलं.

"म्हंजे हितं कोंबडा आरवला तरी तिकडं माणसं झोपलेली?" मावशीनं विचारलं.

"झोपलेली. त्यांचा कोंबडा मागाहून आरवतो."

काकीनं भोपळा स्वतःच्या हातात घेतला आणि स्वतः एकदा फिरवून पाहिला. "मग सकाळी, आपल्याकडं दिस उगवता उगवता. तेव्हा दिवाबी नसनार आन तोबी खालीच." मग माझ्याकडे बघून म्हणाली, "नक्की? तो विमानवाला आधीच उठून निघत नाय?"

आता सगळं माझ्यावर आलं. हो म्हटलं असतं तर ती मानणार होती. आतून वहिनी पुन्हा कण्हली.

"मला माहीत नाही, काकी," मी म्हणालो. "मोटारवाला उजाडल्याशिवाय घाट चढत नाही, एवढंच मी बघितलंय."

ती सुईणीकडे वळली. "सकाळपर्यंत निघंल काय?"

"मी काय तिच्या पोटात बसलेय?" सुईण म्हणाली. पण उठून आत गेली आणि वहिनीला धरून फिरवायला लागली.

ती रात्र मी लिहीत नाही. वहिनी चालत होती, बसत होती, सुईण तिला म्हणत होती, "दम धर गो, अजून नको, अजून नको." काकी शेण कालवून, पाणी तापवून बसलेली. मी एकदाही कुणाचा आवाज काढला नाही.

कोंबडा आरवला तशी मी उठलो, पण काकी म्हणाली, अजून नाय. ती अंगणात जाऊन उभी राहिली आणि हात डोळ्यांपुढे धरला. हाताच्या रेषा दिसल्या म्हणजे उजाडलं, त्याआधी नाही. आतून सुईणीची हाक आली, आता थांबत नाय गं. काकी हाताकडे बघत उभी. आणखी एक हाक आली. मला तिच्या पाठीवरून कळत होतं की ती रेषांकडे बघत नाहीये, त्या हाताच्या पलीकडे कुठेतरी बघतेय. मग तिनं हात खाली घेतला, आत आली आणि केरसुणी काढली.

मी हात पुढे केला. तिनं दिली नाही. खोलीच्या कोपऱ्यापासून तिनं झाडायला घेतलं. धूळ उडू नये म्हणून पाणी शिंपडत, दाबून, ओढून. सुईणीनं वहिनीला उचलून धरलेलं. चार दिवसांचा कोंडा, पिसं, राख, सगळं ओटीपर्यंत आलं. तिथे उंबऱ्याशी काकी थांबली. केर बाहेर लोटला नाही. कोपऱ्यात गोळा केला आणि त्याच्यावर कोंबड्या झाकायची बांबूची डाल उपडी घातली.

"काढला," ती म्हणाली. "टाकला नाय."

मग आम्ही दोघांनी खोली सारवली. म्हणजे तिनं सारवली, मी बादल्या दिल्या. शेण ओलं असतानाच सुईणीनं वर वाळलेला पेंढा आणि धुतलेलं लुगडं टाकलं आणि मला बाहेर हाकललं. ऊन समोरच्या डोंगरावरून अंगणात उतरलं नव्हतं तोच रडणं ऐकू आलं. मुलगी.

सुईणीनं बाहेर येऊन हात धुतले आणि म्हणाली, "भुई स्वच्छ होती."

त्यानंतरचे दिवस मला त्या सकाळपेक्षा जड गेले. सकाळी निदान काम होतं. आता ओटीवर डाल उपडी, तिच्यावर दगड, आणि आम्ही सगळे तिला वळसा घालून चालतोय. कोंबड्या सारख्या डालीपाशी येऊन खरडायच्या, मी त्यांना हाकलायचो. पाचवी पुजली. माझ्या हिशेबाचा आठवडाही उलटला, डाल तिथेच. पाचवीनंतर वहिनी रात्रीची उठून मुलीच्या जबड्याला बोट लावून बघायची. मुलगी बोट चोखायची.

आणि काकीनं मुलीला एकदाही उचललं नव्हतं. न्हाऊ घालायला गरम पाणी द्यायची, धुरी द्यायची, वहिनीला आळीव करून घालायची. पण वहिनीनं मुलगी पुढे केली की काकीच्या हातात नेमकं काहीतरी काम असायचं. सुईण एकदा बोलली, "नात आवडली नाय का गो?" काकी नुसती डालीकडे बघून आत गेली. तेव्हा मला कळलं की तिनं काय केलंय. वहिनीसाठी तिनं केरसुणी खाली घेतली होती. दादाला त्याबद्दल काय द्यावं लागलं ते कळेपर्यंत त्या मुलीला हात लावायची तिची छाती नव्हती.

तार आली ती महाडच्या पोस्टातला माणूस स्वतः घेऊन आला, चढ चढून, घामेजलेला. गावातल्या चार बायका त्याच्या मागोमाग. मी पाकीट फोडलं. इंग्रजी दोनच शब्द होते, आणि दादाचं नाव.

"वाच," काकी म्हणाली.

"सुखरूप पोचलो."

"परत वाच."

परत वाचलं.

"पाय भुईला लागले असं हाय का त्यात?"

"पोचलो म्हणजे लागले, काकी."

तिनं दगड बाजूला केला, डाल उचलली, केर सुपात भरला. कुणालाही हात लावू दिला नाही. सूप घेऊन उंबरा ओलांडून उकिरड्यापर्यंत गेली, आपटून रिकामं केलं, येताना हातपाय धुतले. बायका वाटेत उभ्या होत्या, काहीतरी विचारत होत्या. त्यांच्याकडे न बघता ती खोलीत गेली आणि वहिनीच्या पुढे फतकल मारून बसली. पदराला हात पुसले. मग पुन्हा पुसले.

"आन इकडं तिला," ती म्हणाली. "बघू, किती जड हाय."